मुतालिक, मुश्रीफ, जमेनीस : हुद्द्यावरून पडलेल्या आडनावांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आडनावांवरच्या टिपणात ‘मुतालिक हा शब्द अरबी आहे’ असे एक वाक्य छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेत आहोत. बरेच प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते; ते जुळवून घेतले आहेत.

प्रश्न : आमचे आडनाव मुतालिक. उर्दू जाणणारे एक स्नेही म्हणतात, की हा शब्द ‘मुतलक’ किंवा ‘तलाक’ यांच्या नात्यातला आहे. दुसरे म्हणतात, ‘मुत्तलिब’ या नावाचा अपभ्रंश. नक्की काय?

दोन्ही नाही. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे राहतात. मुतालिकचा धातू आहे ऐन-लाम-काफ, अर्थ ‘लटकणे, चिकटून असणे’. त्यापासून मूळ शब्द होतो ‘मुतअल्लिक’, म्हणजे जोडलेला, संबंधित, एखाद्याच्या ताब्यातला. मराठीच्या तोंडी ‘ऐन’ हा घशातला उच्चार बसत नाही. तो गळाला, त्याच्या दोन्ही बाजूंचे ‘अ’ एकत्र येऊन ‘आ’ झाला, जोड ‘ल्ल’ सुटा झाला आणि ‘मुतालिक’ उरले.

या धातूची आणखी दोन अपत्ये आपण रोज वापरतो आणि ओळखत नाही. एक ‘तालुका’ (तअल्लुक, म्हणजे संबंध, अखत्यारी) आणि दुसरा ‘इलाखा’. तेव्हा मुतालिक हे तालुक्याचे सख्खे भावंड आहे.

‘मुतलक’ आणि ‘तलाक’ यांचा धातू वेगळा, सोडणे-मोकळे करणे या अर्थाचा. अर्थाने तर अगदी उलट: एक चिकटणारा, एक सुटणारा. घोटाळा होतो तो लिपीमुळे. अरबीत ‘त’साठी दोन अक्षरे आहेत, ‘ते’ आणि ‘तोय’. मुतालिकमध्ये ‘ते’, तलाकमध्ये ‘तोय’. देवनागरीत आणि मोडीत दोन्हींचा ‘त’च होतो. तसेच तीन निरनिराळ्या अक्षरांचा एकच ‘स’, दोहोंचा ‘ह’, चौघांचा ‘ज’ किंवा ‘झ’. म्हणून मराठी रूपावरून सरळ अरबी धातूकडे उडी मारू नये. उडी चुकण्याचीच शक्यता जास्त. मुत्तलिबही ‘तोय’चाच, शिवाय त्याच्या शेवटी ‘ब’. तो विषय तिथेच संपतो.

मराठी राज्यकारभारात मुतालिक म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याच्या किंवा वतनदाराच्या वतीने काम पाहणारा, त्याचा शिक्का चालवणारा माणूस. हुकूम धन्याच्या नावाने निघे, कारभार मुतालिक करी. ही माणसे नुसती कारकुनी करत, असे समजू नये. 1750 मध्ये सांगोल्यात पेशव्यांविरुद्ध उठलेला यमाजी शिवदेव हा सातारच्या दरबारातल्या ‘प्रतिनिधी’ या बड्या अधिकाऱ्याचा मुतालिकच होता. त्याला आवरायला सदाशिवरावभाऊंना जातीने जावे लागले.

प्रश्न : आमच्या घराण्यात गणपती, कुलदैवत, श्राद्धपक्ष सगळे आहे. मग आडनाव अरबी कसे? पूर्वज धर्मांतरित होते का?

हा प्रश्न चार पत्रांत आहे, एकात थोड्या काळजीने विचारला आहे. काळजीचे कारण नाही. शब्द अरबी आहे, घराणे नव्हे. आडनाव हुद्द्यावरून पडले, आणि हुद्द्यांची भाषा दरबाराची होती. बहमनी राज्य 1347 साली सुरू झाले. तिथपासून दख्खनच्या सत्तांची दफ्तरी भाषा फारसी, आणि फारसीच्या पोटात अरबी शब्दांचा मोठा साठा. महसूल, वारस, मिरास, इनाम, किल्ला, हवाला, जमा, तहसील, जकात हे सगळे अरबी शब्द मराठीत आले ते अरबांकडून नव्हे, फारसी कागदांतून.

गंमत पुढेच आहे. 1674 च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी हुद्द्यांना संस्कृत नावे दिली: मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री. फारसी-अरबी दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ याच धोरणातून तयार झाला. दरबारी कागदांत बदल झाला, पण लोकांच्या तोंडचे शब्द हलले नाहीत. आज मुजुमदार आणि वाकनीस आडनावे जागोजाग भेटतात.

धर्माचे म्हणाल तर, एकच हुद्दा जो करी त्याला ते नाव चिकटे. इनामदार, मुकादम, मुश्रीफ, जमादार, किल्लेदार ही आडनावे हिंदूंत आहेत, मुसलमानांतही आहेत. मुजुमदार महाराष्ट्रात एकाहून अधिक जातींत सापडतात, गुजरातेत मजमुदार होतात, बंगालात मजुमदार; आणि या सगळ्यांचे एकमेकांशी रक्ताचे नाते काहीही नाही. ‘मजमू’ म्हणजे जमा झालेला हिशेब, आणि तो हिशेब प्रत्येक प्रांतात कोणीतरी ठेवतच होते.

हे फक्त आपल्याकडेच घडले असेही नाही. सिसिलीत नवव्या ते अकराव्या शतकात मुसलमानी राज्य होते. तिथले ‘शोर्तीनो’ आडनाव अरबी ‘शुर्ता’, म्हणजे पहारेकरी शिपाई, यावरून आलेले, आणि दक्षिण इटलीतले ‘मोराबितो’ हे ‘मुराबित’वरून. ही माणसे पिढ्यानपिढ्या कॅथलिक आहेत.

प्रश्न : आडनाव अरबी की फारसी की देशी, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

आधी शेपूट कापावे. ‘-दार’ (धारण करणारा), ‘-नीस’ (मुळात ‘नवीस’, लिहिणारा), ‘-गर’, ‘-बंद’, ‘-बान’ ही शेपटे फारसी, ‘-ची’ तुर्की. शेपूट काढल्यावर उरलेला भाग तपासायचा. मिरासदार – दार = मिरास, अरबी; वारस याच धातूचा. वाकनीस – नीस = वाका, म्हणजे घटना, अरबी. जमेनीस – नीस = जमा, अरबी. खासनीस – नीस = खास, अरबी. शिलेदारातला ‘शिले’ म्हणजे ‘सिलाह’, हत्यार, अरबी. नालबंदातली नाल अरबी. शिकलगारातले ‘शिकल’ म्हणजे ‘सैकल’, घासून चकाकी आणणे, तेही अरबी. पण चिटणिसातली ‘चिट’ देशी, आणि जामदारातला ‘जामा’ फारसी. फडणिसाबद्दल दोन मते आहेत: ‘फड’ म्हणजे कचेरी हे एक, ‘फर्द’ म्हणजे कागदाचा ताव हे दुसरे. फर्द धरली तर अरबी, फड धरला तर मराठी. आमचा कल कुठल्याच बाजूला ठाम नाही.

शेपूट नसेल तर साचा पाहावा. अरबी शब्द ठरावीक साच्यांत पडतात:

– मधले व्यंजन दुहेरी आणि पुढे ‘आ’: सर्राफ, अत्तार, दल्लाल. हा धंदेवाल्यांचा साचा. मराठीत द्वित्त बहुधा सुटते: सराफ, दलाल.
– ‘मु’ने सुरुवात: मुकद्दम (पुढे केलेला, म्हणून मुकादम), मुजाविर (जवळ राहणारा, म्हणून दर्ग्याचा मुजावर), मुश्रिफ (वरून देखरेख करणारा), मुतअल्लिक.
– ‘म’ने सुरुवात आणि शेवटच्या व्यंजनाआधी ‘ऊ’: मजमू, महसूल.
– पहिल्या व्यंजनानंतर ‘आ’, दुसऱ्यानंतर ‘इ’: काझी, वारिस, हाकिम.

मात्र ‘मु’ दिसला की अरबी, असे धरून चाललात तर मुळे, मुंडे, मुसळे सगळेच अरबस्तानात जाऊन बसतील. साचा ही फक्त शंका घेण्याची जागा. खात्रीसाठी कोश हवा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात शब्दापुढे कंसात एका अक्षराची खूण असते आणि तीवरून अरबी, फारसी, संस्कृत हे कळते. माधव त्रिंबक पटवर्धन यांचा 1925 चा फार्शी-मराठी कोशही जवळ असावा. कोशातला अर्थ जुन्या हुद्द्याशी जुळला तरच व्युत्पत्ती मान्य करायची. नुसत्या उच्चारसाम्यावर ‘कदम’ आडनाव अरबी ‘कदम’ म्हणजे पाऊल याला जोडणारे एक पत्र आले आहे. कदम कुळाचा संबंध कदंब या नावाशी जोडला जातो, पावलाशी नाही.

प्रश्न : आमचे आडनाव इतके विरळ का? पाटील, कुलकर्णी चौकाचौकात भेटतात.

कारण सुरुवातीलाच जागा कमी होत्या. पाटील आणि कुलकर्णी गावागणिक असत. देशमुख-देशपांडे परगण्यागणिक. मुतालिक मात्र तिथेच, जिथे धनी एवढा मोठा की त्याला स्वतःच्या जागी माणूस बसवावा लागे. शिवाय मुतालिकी करणाऱ्या प्रत्येकाने ते आडनाव लावले असेही नाही. पुष्कळांनी जुने आडनाव किंवा गावावरून पडलेले ‘-कर’ ठेवले. जिथे मुतालिकी दोन-तीन पिढ्या घरात टिकली, तिथेच नाव घट्ट बसले.

यापुढचे काम गणिताचे. आडनावे नष्ट का होतात, याचा हिशेब फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी 1874 मध्ये मांडला. समजा, आडनाव मुलग्याकडूनच पुढे जाते आणि प्रत्येक पुरुषामागे वाढून मोठे होणारे मुलगे सरासरी एक. कोणाला शून्य, कोणाला दोन, कोणाला तीन. अशी शंभर घराणी घेतली तर पहिल्याच पिढीत सुमारे 37 वंश थांबतात. पाच पिढ्यांत सुमारे 73, दहा पिढ्यांत 84. उरलेले सोळा मात्र फोफावतात. पाटलांची हजारो घराणी होती, त्यातली कितीही खुंटली तरी आडनाव टिकते. पाच-दहा घराण्यांपासून सुरू झालेल्या आडनावाला एक-दोन पिढ्यांचा फेराच भारी पडतो. दत्तकाने वतनाचा वंश पुष्कळदा सावरला, म्हणून ही आडनावे निदान एवढी तरी शिल्लक आहेत.

प्रश्न : एका संकेतस्थळावर आमच्या आडनावाचे जगात किती लोक आहेत याचा नेमका आकडा दिला आहे. तो खरा मानावा का? आणि आपण स्वतः मोजायचे तर कसे?

नेमका दिसणारा आकडा पाहिला की आधी संशय घ्यावा. भारताची जनगणना आडनावनिहाय आकडे प्रसिद्ध करत नाही, आणि 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 नुसार घरोघरचे मूळ तक्ते कोणालाही पाहायला मिळत नाहीत. मग ही संकेतस्थळे काय करतात? हाती लागलेल्या नमुन्यातून गुणाकार. त्यात विरळ आडनाव हमखास मार खाते. उदाहरणार्थ, एक लाख लोकांच्या नमुन्यात तीन मुतालिक सापडले. एक कोटी लोकसंख्येसाठी शंभराने गुणले की 300. पण तीन ही संख्या निव्वळ योगायोगाने कमी-जास्त होण्याची मुभा धरली, तर खरा आकडा सुमारे 60 पासून 880 पर्यंत कुठेही असू शकतो. नमुना शहरी असेल तर आणखी वाकडा. शिवाय अक्षरभेद वेगवेगळी आडनावे म्हणून मोजले जातात.

अमेरिकेत गेलेल्यांपुरते बरे साधन आहे. तिथला जनगणना विभाग किमान 100 वेळा आलेली आडनावे प्रसिद्ध करतो. 2010 च्या यादीत 1,62,253 आडनावे आहेत. तुमचे त्यात नसेल तर एवढेच कळते, की तेव्हा तिथे शंभराहून कमी होते. शून्य होते असे नव्हे.

स्वतः मोजायचे तर मतदारयाद्या. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर जिल्हा, विधानसभा मतदारसंघ आणि यादीभाग निवडून याद्या उतरवता येतात. महाराष्ट्रात 288 मतदारसंघ आणि प्रत्येकाचे शेकडो भाग, त्यामुळे सगळे चाळण्याच्या फंदात पडू नका. वतनाचे गाव, त्याच्या भोवतालची गावे, तालुक्याचे ठिकाण आणि जिथे मंडळी नोकरीला गेली ते एखादे शहर, एवढे पुरे. मुतालिकांनी बेळगाव आणि उत्तर कर्नाटकाकडे दुर्लक्ष करू नये. तिथे हे आडनाव आहे, ‘मुतालिक देसाई’ असे जोडूनही आहे. मात्र तिथल्या याद्या बहुतेक कन्नडात.

यादीची फाईल पुष्कळदा चित्ररूप असते. त्यात शब्द शोधला तर काहीच सापडत नाही आणि माणूस ‘एकही नाही’ असे लिहून मोकळा होतो. डोळ्यांनीच वाचावे लागते. प्रत्येक नोंदीसाठी वहीत पाच रकाने करा: नाव जसे छापले तसे, वय, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घरक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक. एकच माणूस गावात आणि शहरात दोनदा सापडतो. ओळखपत्राचा क्रमांक आणि वडिलांचे नाव यांवरून तो गाळता येतो. घरक्रमांकावरून कुटुंबे जुळतात, मग आकडा माणसांचा न राहता घरांचा होतो, आणि विरळ आडनावाला तोच उपयोगी.

मोजण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: कोणाला मोजायचे? लग्न होऊन आलेल्या सुना आडनाव लावतात, लग्न होऊन गेलेल्या मुली बहुधा लावत नाहीत. ‘आज हे नाव लावणारे’ मोजायचे तर सुना धरा, लेकी सोडा. ‘या घराण्यात जन्मलेले’ मोजायचे तर उलट. दोन्ही एका बेरजेत घातले की ती बेरीज कशाचीच राहत नाही. अठराखालची मुले यादीत नसतात. ती घरोघर विचारूनच मिळवायची.

प्रश्न : डीएनए चाचणीने अरबी मूळ सिद्ध होईल का?

नाही. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, आडनावही तसेच जाते, म्हणून हा मोह होतो. पण इथे शब्द आला कागदावरून आणि रक्त आले दुसरीकडून. मध्ये एक दत्तक असेल तर ती जोडीही तुटते.

प्रश्न : मुतालिकी मिळण्याआधीचे मूळ आडनाव शोधायचे आहे. कुठून सुरुवात करू?

मूळ आडनाव असणारच, हे आधी लक्षात घ्या. नाना फडणीस मूळचे भानू, पेशवे मूळचे भट. घरातून सुरुवात करा: गोत्र, कुलदैवत आणि ते ज्या गावी आहे ते गाव, जुन्या लग्नपत्रिका, खरेदीखते, आणि ‘भाऊबंद’ म्हणून सोयर-सुतक ज्यांचे पाळले जाई त्यांची आडनावे. सुतकाचा धागा फार पक्का असतो, कारण तो हुद्द्याने बदलत नाही. तुमचे सुतक एखाद्या भलत्याच आडनावाच्या घराला लागत असेल, तर मूळ आडनाव बहुधा तेच.

मग तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया. जाताना जात, मूळ गाव आणि आजोबा-पणजोबांची नावे लिहून न्या. वही आडनावावर लावलेली असेलच असे नाही, पुष्कळदा गावावर लावलेली असते. नुसते ‘मुतालिक’ सांगितले आणि पूर्वजाने तिथे जुन्या आडनावाने सही केली असेल, तर नोंद असून सापडत नाही.

तिसरे ठिकाण पुणे पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनने वतनांचे हक्क तपासले. त्या चौकशीत घराण्यांना आपला हक्क कुठून आला हे कागदांनिशी सांगावे लागले. वंशावळी तिथे सापडतात. वाचताना एक पथ्य पाळा: हक्क शाबीत करण्यासाठी दिलेली वंशावळ हक्काच्या सोयीने लिहिलेली असू शकते. तीर्थाच्या वहीशी ताडून पाहा.

कागद मोडीत असेल आणि सालही अरबीतच असेल. जुन्या मराठी कागदांत चालणाऱ्या शुहूर सन या कालगणनेचे आकडे अरबी शब्दांत लिहीत, एकं आधी: इहिदे 1, इसन्ने 2, सलास 3, अर्बा 4, खमस 5, सीत 6, सबा 7, समान 8, तिसा 9. दशके: अशर 10, अशरीन 20, सलासीन 30, अर्बैन 40, खमसैन 50, सितैन 60, सबैन 70, समानीन 80, तिसैन 90. मया म्हणजे 100, मयातैन 200, अलफ 1000. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे 5 + 70 + 100 + 1000 = 1175. हे वर्ष मृग लागला की सुरू होते. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणजे वरचे 1175 हे इसवी सन 1774-75. चूक नेहमी सबा-सबैन आणि खमस-खमसैन या जोड्यांत होते. सबैनचा शेवट मोडीत वाचायचा राहिला, की सत्तरचे सात होतात आणि पणतू पणजोबाच्या जागी जाऊन बसतो. महिना आणि तिथी मुसलमानी चांद्र असतात; तारखेआधीचा ‘छ’ म्हणजे चंद्र.

प्रश्न : ‘मुतालिक’ बरोबर की ‘मुतालीक’? सख्ख्या भावांच्या दाखल्यांवर वेगवेगळे आहे.

मोडीत ह्रस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळत नसत, त्यामुळे जुन्या कागदावरून हा वाद सुटणार नाही. आजच्या मराठी लेखननियमाने शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर आले, की त्याआधीची वेलांटी दीर्घ, आणि सामान्यरूपात ती ह्रस्व: वकील-वकिलाने, गरीब-गरिबाला. त्या हिशेबाने मुतालीक, पण मुतालिकांनी. एकाच घरात दोन्ही रूपे का रुळली, हे यावरून उघड आहे. मात्र आडनाव हे विशेषनाम. घरात जसे लिहितात तसेच लिहावे, या लेखातही आम्ही तेच केले आहे. व्यवहारासाठी जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवरचे रूप धरा आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तेच ठेवा. मतदारयादीत शोधताना मात्र तिन्ही रूपे पाहा. तिसरे म्हणजे ‘मुटालिक’: रोमन अक्षरांतून यंत्राने देवनागरी केली की ‘त’चा ‘ट’ होतो, आणि चारशे वर्षे टिकलेला ‘त’ एका फॉर्मवर हरवतो.